चिमीला चाकणला नेलं तेव्हा

सोमवार, ११ फेब्रुवारी १९५७. पिंपरी.

संध्याकाळी उद्धवराव येऊन गेले. ते वसाहत समितीचे चिटणीस आहेत, त्यामुळे हातात कागद नसला तरी असल्यासारखे उभे राहतात. म्हणाले, इंदुताई, कुत्रीचं काय ते बघा. ती माजावर आली की गावातले आणि निर्वासितांच्या कॅम्पातले सगळे कुत्रे वसाहतीत शिरतात, पोरांना शाळेत जाता येत नाही. पंचवीस तारखेला पंचायतीचा माणूस विष घालायला येणार आहे. पट्टा असलेला नर चालेल, मादी नको.

मी म्हटलं, कुत्री माझी नाही.

ते म्हणाले, तुमच्या पायरीवर झोपते, तुमच्यामागे कारखान्याच्या फाटकापर्यंत येते, तुमच्या हातची पोळी खाते. मग कोणाची म्हणायची?

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही ती माझी नाही. दीड वर्षापूर्वी मी इथे प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा ती आधीपासून होती. चिमी हे नावही मी ठेवलेलं नाही.

तिची दोन वेतं मी पाहिली. पिल्लांतले नर गावकरी राखणीला घेऊन जातात. माद्या कोणी नेत नाही. त्या मुंबई रस्त्यावर ट्रकखाली जातात, किंवा नुसत्याच दिसेनाशा होतात. मागच्या खेपेची शेवटची मादी मीच रस्त्याच्या कडेला पुरली. हे कोणाला सांगितलेलं नाही.

मी उद्धवरावांना विचारलं, ऑपरेशन करून तिची गर्भाची पिशवी अंडाशयांसकट काढली तर? मग माजावर येणार नाही, कुत्रे येणार नाहीत. त्यांनी असं काही ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी आणलीत तर समितीची हरकत नाही.

बाजूने: जीव वाचतो, पिल्लं मरायला जन्मत नाहीत. विरुद्ध: भूल आणि जखम यांचा धोका. मला तरी हा प्रश्न अवघड वाटत नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी.

सुमनताईंना सांगितलं. त्या कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका आहेत, मूळच्या राजापूरकडच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. आम्ही दोघी एका क्वार्टरमध्ये राहतो. हसल्या. म्हणाल्या, इथल्या बायकांना बाळंतपणाला डॉक्टर मिळत नाही आणि तू कुत्रीला सर्जन शोधतेस. पण खेडच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉ. गुंजाळ दर शनिवारी चाकणच्या बाजारात बसतात, हे त्यांनीच सांगितलं.

विरोध आला तो गोजाबाईकडून. ती आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते आणि सशांच्या खोलीची झाडलोट करते. आम्ही कारखान्यातल्या औषधाचा प्रत्येक घाणा सशांना टोचून त्यांचा ताप मोजतो; ताप चढला नाही तरच औषध बाहेर जातं. मी ताप बघत असताना ससा तीच धरते. तिच्या हातात ससा धडपडत नाही. चिमीही तिच्याजवळ तशीच शांत असते. नावही तिनेच ठेवलेलं.

मी सांगितलं तेव्हा बाटली तशीच हातात ठेवून म्हणाली, "लेकुरवाळीची कूस काढायची? बाई, पाप लागंल."

मी म्हटलं, बैल बडवून खच्ची करतात तेव्हा पाप लागत नाही का? ती म्हणाली, बैलाचं निराळं, बैलाला काय ठेवायचं असतं पोटात.

तिला मूल नाही. चार वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात अडली, पुण्याला नेलं, मूल गेलं. तेव्हापासून पाळीही येत नाही. सोमवार धरते, गुरुवार धरते, चैत्रात निमगावच्या खंडोबाला अनवाणी जाते. सासू ठकुबाई दुसरी सून आणायचं बोलते आणि नवस चालू आहे म्हणून थांबते. गोजाबाई फार अशक्त दिसते. एवढ्या उपासांनी रक्त राहणार कुठून? मी सुमनताईंकडून तिला लोहाच्या गोळ्या आणून देते, आज पुन्हा दिल्या. रक्त भरलं की पाळी सुरू होईल, असं सांगितलं. तिने गोळ्या कपाळाला लावून पदरात बांधल्या.

शनिवार, १६ फेब्रुवारी.

चाकणला जाऊन आले. एस.टी.त कुत्री घेत नाहीत, म्हणून कांदा उतरवून रिकामा परतणारा ट्रक पाहिला. चिमी गोजाबाईशिवाय कोणाला बांधू देईना, म्हणून गोजाबाईला बरोबर यावं लागलं. भोसरीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मोशीच्या पुढे ट्रकच्या धक्क्याने आम्ही दोघी कांद्याच्या सालींवर घसरलो, तेव्हा हसली.

डॉ. गुंजाळ लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. समोर बैलांची रांग होती. मी काय हवं ते सांगितलं तेव्हा रांगेतली माणसं पुढे सरकली. एक म्हातारा म्हणाला, "कुत्रीला दवाखाना? मंग आमच्या म्हातारीनं काय घोडं मारलंय?" डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, मुंबईच्या कॉलेजात दोनदा केलंय, इथे कोणी आणतच नाही, करता येईल. हे त्यांनी सरळ सांगितलं, म्हणून मला त्यांचा विश्वास वाटला.

गोजाबाईने चिमीला उताणी धरली होती. डॉक्टरांनी पेन्सिलच्या टोकाने तिच्या पोटावर रेघ दाखवली: बेंबीपासून खाली सरळ, एवढी. इथून अंडाशयांसकट पिशवी काढायची, वर टाके घालायचे, रेघेसारखा वण राहील. पुन्हा माज नाही, रक्त जाणं नाही, पिल्लं नाहीत.

गोजाबाईने मान वर करून विचारलं, "रगत परत कधीच येत न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, येणार कुठून? पिशवीच नाही तर.

"आनि औषिदपानी केलं तर?"

"कशानंही नाही."

पुढच्या शनिवारी यायचं ठरलं. येताना गोजाबाई ट्रकच्या फळीला टेकून बसली होती, डोळे उघडे. मी दिलेली भाकरी तिने चिमीला घातली. आता शनिवारही धरते की काय.

सोमवार, १८ फेब्रुवारी.

हे नीट लिहायचं आहे. सकाळपासून माझं कामात दोनदा चुकलं. असं माझं होत नाही.

दुपारी गोजाबाईने धुण्याच्या खोलीत मला बोलावलं, दाराला आतून कडी घातली, आणि लुगडं खाली करून पोट दाखवलं. बेंबीपासून खाली, सरळ. वण जुना, पांढरा, ओबडधोबड टाक्यांचा.

म्हणाली, "माजंबी हेच केलंय का, बाई?"

मी म्हटलं, अडलेलं मूल पोट फाडून काढतात, त्याचाही वण असाच असतो. तेवढ्यावरून काही सांगता येत नाही. हे खरं आहे. पण ते बोलताना मी तिच्याकडे न बघता नळाकडे बघत होते.

ती म्हणाली, "सशाला ताप हाय का न्हाई ते तुमी सांगता. त्याच्यावर औषिद भाईर जातं. मंग मला सांगा."

मी तिला विचारलं. त्यानंतर एकदाही रक्त गेलं? एकदाही नाही. दर महिन्याला पोटात दुखतं, कंबर भरते? नाही. हे प्रश्न मी चार वर्षांत... नाही, मी तिला दीडच वर्ष ओळखते. दीड वर्षात मी हे विचारले नव्हते. मी गोळ्या दिल्या होत्या.

मी म्हटलं, बहुतेक.

"भौतेक म्हंजी काय?"

मी म्हटलं, हो.

ती रडली नाही. लुगडं नीट केलं, ओचा खोचला. मग म्हणाली, "पोरगा व्हता का पोरगी, त्येबी कुनी न्हाई सांगितलं मला." कडी काढून बाहेर गेली आणि सशांना गवत घातलं.

मी तिथेच उभी राहिले. नळ उघडा होता. तो मीच उघडला असणार, पण मला आठवत नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी.

गोजाबाई कामावर नाही. एका परिचराने ससे धरले. सगळ्यांचे ताप जास्त आले, कारण ते घाबरलेले होते. आजची चाचणी रद्द केली.

सुमनताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या हादरतील. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. म्हणाल्या, पिशवी फाटली असेल तर काढावीच लागते इंदू, नाहीतर बाई टेबलावरच जाते. त्या डॉक्टरने जीव वाचवला तिचा.

मी म्हटलं, त्याबद्दल मी बोलतच नाही. तिला सांगितलं का नाही?

"नवऱ्याला सांगितलं असेल. बाईला कोण सांगतं?"

मी विचारलं, तुम्ही पुण्याच्या दवाखान्यात होतात तेव्हा सांगत नव्हता? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शुद्धीवर आलेल्या बाईला आधी मूल गेल्याचं सांगायचं असतं. त्यापुढचं सांगायला कोणाची जीभ उचलत नाही. मग ती घरी जाते.

पुढे त्या जे म्हणाल्या ते ऐकून मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. म्हणाल्या, "तू गोळ्या मागायला आलीस तेव्हाच मला शंका आली होती."

त्यांना शंका होती आणि त्या मला गोळ्या मोजून देत होत्या. मी त्या नेऊन गोजाबाईला देत होते, आणि ती कपाळाला लावत होती. मी आत जाऊन विचारलं, का? म्हणाल्या, तिला आशा होती ना, आणि लोहाने कोणाचं वाईट होत नाही.

सुमनताई वाईट बाई नाहीत. माझ्या तापात त्या तीन रात्री जागल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आज मला त्यांच्या शेजारी बसून जेवता आलं नाही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी.

गोजाबाई अजून नाही. सकाळी फाटकावर कोंडाजीने मला थांबवलं. तो तिचा नवरा, आमच्याच फाटकावर पहारेकरी आहे. एरवी सलाम करतो. आज काठी भिंतीला टेकवून माझ्यासोबत चालत आंब्यापर्यंत आला.

मी आधी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. विचारलं, तुला दवाखान्यात सांगितलं होतं?

"व्हय. कागदावर अंगठा माजाच हाय."

मग चार वर्षं तिला उपास करू दिलेस? अनवाणी जाऊ दिलंस?

 तो जे बोलला ते सलग, खालच्या आवाजात बोलला. "ती नवस करती म्हनून घरात हाय, बाई. आई म्हनती, देवाला सांगितलंय तर देवाचं उत्तर येऊस्तोवर थांबू. न्हाई म्हनून उत्तर आलं असतं तर त्याच म्हैन्यात हिला म्हायेरी घातली असती आन् दुसरी आनली असती. मला दुसरी नगं व्हती. मंग मी काय करायचं? मी बी तिच्यासंगं अनवानी जातो."

 तो नीच माणूस आहे असं समजून मी घरून निघाले होते. तो नीच नाही. तरी जे केलं ते मला भयंकर वाटतं, आणि त्याच्या जागी मी काय केलं असतं तेही सांगता येत नाही.

काठी उचलताना म्हणाला, "तुमी खरं सांगितलं. खऱ्याचं आता आमी घरात काय करायचं, तेबी सांगा."

प्रयोगशाळेत जाऊन हात धुतले आणि पुन्हा धुतले. चिमीला शनिवारी नेणार नाही. जिला विचारता येत नाही तिच्या पोटात हात घालायचा मला काय अधिकार? अकरा तारखेला मी इथेच लिहिलं होतं की प्रश्न अवघड नाही.

पण सोमवारी पंचायतीचा माणूस येईल. तोही तिला विचारणार नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी.

गोजाबाई आली. वेळेवर आली, बादली भरली, ससे मोजले. मी काही विचारलं नाही. दुपारी ससा धरल्या धरल्या ती स्वतःच बोलू लागली.

तिने घरी सांगितलं. आधी कोंडाजीला, तो उठून गोठ्यात जाऊन बसला. मग सासूला. सासू चुलीपुढे होती. गोजाबाई म्हणाली, आत्याबाई, देवाकडं कायबी न्हाई आता, त्याच्या हातात असतं ते डाक्टरनं काढून टाकलंय. दुसरी आनायची तर आना. पन माज्याम्होरं बोला, माज्यामागं नगं.

मी विचारलं, मग काय म्हणाल्या?

"कायबी न्हाई. भाकरी करपली तिची. मंग म्हनली, तुला कवा कळलं? म्हनलं, सोमवारी. म्हनली, आन् ह्याला? म्हनलं, चार वरसं. तवा उठली आन् त्याच्या अंगावर उलथनं फेकलं." सांगताना गोजाबाईच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. हसू नव्हतं.

पुढे काय होणार, हे तिला ठाऊक नाही. ठकुबाई तेव्हापासून कोणाशीच बोललेली नाही. वैशाखात लग्न निघेल, कदाचित निघणार नाही.

मी म्हटलं, मी सांगायला नको होतं का?

ससा तिच्या हातात होता. त्याचे कान तिने बोटांनी मागे सारले. "रांडंचं दुखतंय लई," ती म्हणाली. "पन ते माजं हाय. चार वरसं दुसऱ्यांनीच ठेवून घेतलं व्हतं."

मग मी चिमीचं सांगितलं, की उद्या नेत नाही. माझी कारणंही सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखादी बाटली धुवायची म्हणून तिच्याकडे सरकवल्यावर ती तळाशी बघते.

"मंग इख खाऊन मरू द्याची?"

मी म्हटलं, पण तूच पाप म्हणाली होतीस.

"म्हनले व्हते. तवा मला कुठं ठावं व्हतं." तिने ससा पिंजऱ्यात सोडला. "करा, बाई. पन तिला सांगून करा."

मला वाटलं ती बोलायचं म्हणून बोलली. तसं नव्हतं.

शनिवार, २३ फेब्रुवारी.

चिमीला काल दुपारपासून खायला दिलं नव्हतं. बाजारात आज बैल कमी होते, पण बघे जास्त. मागच्या आठवड्यातला म्हातारा आणखी दोघांना घेऊन आला होता. डॉक्टरांनी सावकाराच्या पडवीत लाकडी टेबल घासून ठेवलं होतं. हत्यारं मी स्वतः उकळून घेतली. गुंगीची सुई भरून डॉक्टर म्हणाले, धरा.

गोजाबाई म्हणाली, "जरा थांबा, डाक्टर. तिला सांगायचं ऱ्हायलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थांबा.

तिने चिमीचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि कानाशी, पण सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं. "चिमे, आईक. ह्ये डाक्टर हायेत. ह्ये तुला निजवत्याल. मंग तुजं पोट हितनं हितवर कापत्याल आन् पिशवी काढत्याल. पिशवी म्हंजी पिल्लं ऱ्हात्यात ती. ती परत येत न्हाई. मंग तुला पिल्लं व्हनार न्हाईत, कवाच न्हाईत. न्हाई केलं तर परवा तुला इख घालत्याल, म्हनून करतोय. उठशील तवा दुखंल. मी हितंच हाय."

म्हातारा म्हणाला, "कुत्रीला कीर्तन सांगतीया." कोणीतरी हसलं.

गोजाबाईने वळून बघितलं नाही. "समजू न्हाईतर नगं समजू," ती म्हणाली. "सांगायचं असतं." मग डॉक्टरांना म्हणाली, "झालं. आता करा."

चिमी जांभई देत होती. सुई तिला कळलीही नसावी.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर सुरुवातीला फार सावकाश करत होते, नंतर नाही. रक्त कमी गेलं. पोटात पिल्लं नव्हती. ही भीती मला होती आणि मी ती कोणाला सांगितली नव्हती. गोजाबाई पूर्ण वेळ टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभी होती.

टाके घालून झाल्यावर डॉक्टर पत्र्याचं ताट बाहेर टाकायला निघाले. ती म्हणाली, काय काढलं ते दाखवा. ते कचरले. मी ताट त्यांच्या हातून घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.

तिने वाकून पाहिलं. दोन बारीक गुलाबी दोऱ्या, खाली एकत्र जुळलेल्या.

"येवडंसं?"

मी म्हटलं, कुत्रीचं एवढंच असतं.

"आन् बाईचं?"

मी ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताची मूठ मिटून तिला दाखवली. म्हटलं, एवढं. मूल नसतं तेव्हा.

तिने माझ्या मुठीकडे पाहिलं. मग स्वतःचा हात पदराला पुसला, मूठ मिटली आणि डोळ्यांसमोर धरली. उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

येताना ट्रकमध्ये चिमी तिच्या मांडीवर गुंगीत होती, डॉक्टरांनी समितीसाठी दिलेली चिठ्ठी माझ्याजवळ होती. भोसरी आली, कारखान्याची चिमणी दिसू लागली. गोजाबाई एका हाताने चिमीला धरून बसली होती. दुसऱ्या हाताची मूठ तिने अजून उघडली नव्हती.